सुटकेनंतरची सोबत: तुरुंगाच्या फाटकाबाहेर ख्रिस्ती स्वयंसेवक नेमकं काय करतात?

एखाद्या गाजलेल्या खटल्यातला कैदी शिक्षा भोगून सुटतो. बातमीच्या तळाशी एक ओळ असते: एका चर्चच्या स्वयंसेवकांनी त्याची जबाबदारी घेतली आहे. ही ओळ वाचून मनात साधारण दोनच विचार येतात. एक, 'किती भाबडे लोक!' आणि दुसरा, 'यात नक्की काहीतरी डाव आहे.' भाबडेपणा असतो, हे खरं. डावही कधी कधी असतो. पण 'जबाबदारी घेतली' म्हणजे काय केलं? पैसे दिले? घरात ठेवून घेतलं? सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसवलं? बहुतेक ठिकाणी यातलं काहीच होत नाही. जे होतं ते इतकं साधं असतं की त्याची बातमी होत नाही, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं.

सुटला म्हणजे मोकळा झाला ना?

हाड मोडलं की पाय प्लास्टरमध्ये ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टर काढलं की आत दिसतो तो काडीसारखा बारीक झालेला पाय. हाड जुळलेलं असतं, पण स्नायू सुकलेले असतात. 'प्लास्टर निघालं ना, मग आता पळ' असं त्या वेळी कुणी म्हणत नाही.

तुरुंगात असेच सुकतात ते निर्णय घेण्याचे स्नायू. कधी उठायचं, कधी जेवायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. दहा वर्षं आत काढून आलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सरकारी कचेरीत जायचं म्हणून तो निघालाय. समोर दार आहे, लोटलेलं. मूठ आहे, कुलूप नाही. हा उभाच. मागून येणारे त्याला वळसा घालून आत जातात, तरी हा उभा. दहा वर्षांत त्यानं एकही दार स्वतःच्या हातानं उघडलेलं नाही. दार दुसऱ्यानं उघडायचं आणि आपण थांबायचं, हेच अंगवळणी पडलंय. हा माणूस मी कल्पनेतून घेतला, पण ही सवय खरी आहे आणि दीर्घ शिक्षा भोगून आलेल्यांत वारंवार दिसते.

त्यात कागदपत्रांचा चकवा. ओळखपत्राला पत्ता लागतो, पत्त्याला भाड्याची खोली लागते, खोलीला पगार लागतो, पगाराला नोकरी आणि नोकरीला पुन्हा ओळखपत्र. जो कधी आत गेलेला नाही त्यालासुद्धा या चक्रात घाम फुटतो. इथे तर कपाळावर शिक्का आहे. तो शिक्का किती महाग पडतो याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झाला होता. सारखीच पात्रता सांगणाऱ्या तरुणांना नोकरीचे अर्ज करायला पाठवलं. फरक एवढाच की काहींच्या अर्जात शिक्षेचा उल्लेख होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्या अर्जदारांपैकी शिक्षा नसलेल्या ३४ टक्क्यांना मालकांनी परत बोलावलं, शिक्षा झालेल्यांपैकी १७ टक्क्यांना. म्हणजे बरोबर निम्म्यांना. काळ्या अर्जदारांत हेच प्रमाण १४ आणि ५ टक्के होतं.

पहिले दिवस तर अक्षरशः जिवावरचे असतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा माग काढला गेला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळपास तेरा पट निघालं. सर्वांत मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिडोस. आत असताना शरीराची नशा सोसण्याची ताकद कमी होते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानं घेतो आणि तेच माप जीव घेतं.

जे जगतात त्यांच्यातले बरेच परत आत जातात. अमेरिकेच्या तीस राज्यांत २००५ मध्ये सुटलेल्या कैद्यांपैकी ४४ टक्क्यांना पहिल्याच वर्षात पुन्हा अटक झाली, तीन वर्षांत हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. येरे माझ्या मागल्या म्हणतात ते हेच. पण पहिल्या वर्षाचा आकडा लक्षात ठेवा. घसरण सुरुवातीलाच होते, म्हणून हात द्यायचा तोही सुरुवातीलाच द्यावा लागतो.

मेंटर म्हणजे कोण?

इंग्रजीतून आलेला 'मेंटर' हा शब्द आता आपल्याकडे कंपन्यांत, कॉलेजांत सर्रास वापरला जातो. इथे त्याचा अर्थ असा: सुटणाऱ्या माणसाशी ठरावीक काळ, साधारण वर्षभर, नियमित भेटण्याची जबाबदारी घेतलेला, थोडं प्रशिक्षण घेतलेला आणि पगार न घेणारा माणूस. मी त्याला पुढे 'सोबती' म्हणेन, कारण तो शिकवतो कमी आणि चालतो जास्त.

हा सोबती पोलीस नाही, वकील नाही, समुपदेशक नाही. पॅरोल किंवा प्रोबेशनवर, म्हणजे काही अटींवर बाहेर असलेल्या माणसावर सरकारी अधिकारी देखरेख करतो. ते कामही सोबत्याचं नाही. एका गोष्टीत तो या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. कैद्याच्या आयुष्यात इतकी वर्षं जे जे आले, पहारेकरी, डॉक्टर, अधिकारी, ते सगळे ड्युटी म्हणून आले. आणि आता हा कोणीतरी दर मंगळवारी येऊन बसतो, ज्याला त्याबद्दल कुणी छदामही देत नाही. 'तुम्ही इथे का येता?' हा प्रश्न पहिल्या काही भेटींत हमखास येतो. माझ्या मते सगळ्या कामाची किल्ली या प्रश्नात आहे. आपल्यासाठी कुणी फुकट वेळ का घालवावा, याचं उत्तर ज्याला सुचत नाही, त्याची स्वतःबद्दलची समजूत काय असेल याचा अंदाज करा.

चांगल्या योजनेत ही ओळख फाटकाबाहेर होत नाही. सुटकेच्या काही महिने आधी, आतच होते. बाहेर पडल्यावर जीवच गोंधळलेला असतो, तेव्हा नव्या माणसावर विश्वास बसायला सवड नसते.

यात 'ख्रिस्ती' काय आहे?

सोबत काय, कोणीही करू शकतं. मग चर्चवालेच यात इतके का दिसतात?

एक कारण त्यांच्या ग्रंथात, म्हणजे बायबलमध्ये आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या न्यायाचं चित्र रंगवतो. भुकेल्याला अन्न दिलं का, परक्याला आसरा दिला का, याच यादीत तो तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, हेही विचारतो. आणि त्याच्यासाठी केलं ते माझ्यासाठी केलं, असं म्हणतो. कैदी निर्दोष होता का, असा प्रश्न तिथे येत नाही. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला ही ओळ चांगलीच टोचते.

पण मला स्वतःला त्याहून बोलकी वाटते ती 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली बर्णबाची गोष्ट. शौल नावाचा माणूस ख्रिस्ती लोकांना घराघरातून ओढून तुरुंगात टाकत असे. तो बदलला आणि यरुशलेमेतल्या शिष्यांत मिसळू पाहू लागला. सगळे त्याला भ्यायले. हा खरंच बदललाय, यावर कुणाचाच विश्वास बसेना. भ्यायला नको होतं, असंही नाही, कारण त्याचा इतिहास सगळ्यांना ठाऊक होता. तेव्हा बर्णबानं त्याला सोबत घेतलं, प्रेषितांपुढे, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांपुढे नेलं आणि त्याच्या बाजूनं शब्द टाकला. पुढे हाच शौल पौल म्हणून ओळखला गेला. सोबत्याचं काम या एका प्रसंगात जवळजवळ पूर्ण आलंय: घाबरलेल्या समाजात एकानं स्वतःची पत पणाला लावून दुसऱ्यासाठी उभं राहायचं. पुढे पौलानंही तेच केलं. स्वतः बंदिवासात असताना त्यानं फिलेमोन या मालकाला पत्र लिहून त्याचा दास अनेसिम याची रदबदली केली. त्यानं तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड, असं त्यात सरळ लिहिलंय. जामीनदाराची भाषा आहे ही.

दुसरं कारण इतिहासात आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. आज सरकारी वाटणारी प्रोबेशनची पद्धत अशाच सोबतीतून उगवली. १८४१ मध्ये बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्यानं कोर्टात एका दारुड्याला पाहिलं आणि शिक्षेआधीच त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो माणूस कोर्टात परत आला तो शुद्धीवर आणि नीटनेटका; न्यायाधीशांनी त्याला एक सेंट आणि कोर्टाचा खर्च एवढाच दंड केला. १८५९ मध्ये मरेपर्यंत ऑगस्टसनं सुमारे दोन हजार लोकांसाठी असा जामीन घेतला. इंग्लंडमध्ये १८७६ साली फ्रेडरिक रेनर या छपाईकाम करणाऱ्या गृहस्थानं अँग्लिकन चर्चच्या दारूबंदी संस्थेला याच कामासाठी पाच शिलिंग पाठवले आणि त्यातून पोलीस कोर्टात मिशनरी नेमले जाऊ लागले. १९०७ च्या कायद्यानं प्रोबेशनला सरकारी रूप मिळालं. सरकारनं काम उचललं, फाइल आली, अधिकारी आले, एकेका अधिकाऱ्याकडे माणसांची रांग लागली आणि मधल्या मधे सोबत हरवली. आजचे स्वयंसेवक ती पोकळी भरतात.

तिसरं कारण अगदी व्यवहाराचं. चर्च ही दर आठवड्याला भरणारी जागा आहे. तिथे एकाच छपराखाली प्लंबर असतो, निवृत्त शिक्षिका असते, खोली भाड्यानं देणारा असतो, छोटा कारखानदार असतो. सुटलेल्या माणसाला जी गोतावळ्याची गरज असते, ती तिथे आयती तयार असते. एका सोबत्याची ओळख म्हणजे पन्नास जणांची ओळख होऊ शकते. होतेच असं नाही, त्याबद्दल पुढे.

आठवड्याचा तो एक तास

त्या तासात बायबल वाचतात का? काही ठिकाणी वाचतात, समोरच्याची इच्छा असेल तर. पण बहुतेक तास फार रुक्ष गोष्टींत जातो. मोबाइलवर अर्ज कसा भरायचा. मुलाखतीत 'मधली सहा वर्षं कुठे होता?' असं विचारलं तर खोटं न बोलता, पण सगळी कहाणीही न सांगता काय म्हणायचं. पॅरोल अधिकाऱ्याची तारीख आणि कामाची पाळी एकाच दिवशी आली तर आधी फोन कुणाला करायचा. बारा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा भेटायचंय, तिच्याशी बोलायचं काय.

समजा, कामावर मुकादम चारचौघांत ओरडला. तुरुंगातल्या हिशेबानं अशा अपमानाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, नाहीतर उद्यापासून सगळेच टपली मारतात. बाहेरच्या हिशेबानं गप्प राहून संध्याकाळी बोलायचं असतं. हे दोन हिशेब एकाच डोक्यात भांडत असताना माणूस शौचालयात जाऊन सोबत्याला फोन लावतो. सोबती म्हणतो, 'आधी चेहरा धुवा. मग मला सांगा, तो नेमकं काय म्हणाला.' दहा मिनिटं ऐकून घेतो. नोकरी टिकते. एवढंच. पण अशी दहा मिनिटं वर्षातून पंधरा-वीस वेळा येतात, आणि त्यातली दोन-तीन वेळची गाठ पडली नाही, तर गाडी रुळावरून उतरते.

नियमही असतात, आणि ते कडक असायला हवेत. रोख पैसे उसने द्यायचे नाहीत, कारण पैसे मधे आले की सोबत संपते आणि देणं-घेणं सुरू होतं. बहुतेक योजनांत पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रीच सोबत देते. भेट सुरुवातीला सार्वजनिक जागी. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं: इथलं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असाल, मुलाच्या जिवाला धोका असेल, तर मी गप्प बसणार नाही. हे आधी सांगितलं तर तो नियम असतो, नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

पण याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण या क्षेत्रात चांगल्या मनाचे लोक आकड्यांशी फार सैलपणे वागतात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार चार्ल्स कोल्सन वॉटरगेट प्रकरणाच्या काळात न्यायात अडथळा आणल्याबद्दल सात महिने तुरुंगात होते. बाहेर आल्यावर १९७६ मध्ये त्यांनी प्रिझन फेलोशिप ही संस्था काढली. तिच्यातून १९९७ मध्ये टेक्सासमधल्या एका तुरुंगात 'इनरचेंज' हा ख्रिस्ती कार्यक्रम सुरू झाला. आत अभ्यास, बाहेर सोबती. २००३ मध्ये त्याचा अहवाल आला आणि जाहिरात झाली ती अशी: कार्यक्रम पुरा करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत फक्त ८ टक्के परत तुरुंगात गेले, तशाच इतर कैद्यांपैकी २० टक्के गेले. केवढं यश!

आता त्याच अहवालातली दुसरी ओळ. कार्यक्रमात आलेले होते १७७, पुरा केला ७५ जणांनी. आणि 'पुरा केला' म्हणायला अट काय? बाहेर आल्यावर सलग तीन महिने नोकरी टिकवायची आणि चर्चमध्ये सक्रिय राहायचं. अहो, ज्याची नोकरी टिकली तो परत आत जाण्याची शक्यता मुळातच कमी! वर्गातली नापास होणारी मुलं परीक्षेआधीच पटावरून काढायची आणि शंभर टक्के निकाल लागला म्हणून पेढे वाटायचे, तसला प्रकार. सगळ्या १७७ जणांचा हिशेब केला तर २४ टक्के परत गेले होते. म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा किंचित जास्तच. टीकाकारांनी हे तेव्हाच दाखवून दिलं होतं आणि ते बरोबर होतं.

मग पालथ्या घड्यावर पाणी? तसंही नाही. याच कार्यक्रमाचा मिनेसोटा राज्यात पुढे अधिक काटेकोर अभ्यास झाला. २००३ ते २००९ या काळात सुटलेल्या ७३२ जणांपैकी निम्मे कार्यक्रमातले आणि निम्मे त्यांच्यासारखेच पण कार्यक्रमाबाहेरचे. या वेळी मधेच सोडून गेलेल्यांनाही मोजलं. पुन्हा अटक होण्याची शक्यता २६ टक्क्यांनी कमी निघाली, नव्या गुन्ह्यासाठी परत तुरुंगात जाण्याची ४० टक्क्यांनी कमी. आणि फरक कुणात पडला? ज्यांना सोबती आतही भेटत होता आणि बाहेरही भेटत राहिला त्यांच्यात. आत वर्ग केले पण बाहेर कुणी नव्हतं, त्यांना तो लाभ दिसला नाही. प्रवचनं दोघांनीही ऐकली होती.

एक सावधगिरीची गोष्ट उरतेच. अशा कार्यक्रमात स्वतःहून नाव घालणारा माणूस आधीच थोडा बदलायला तयार असतो. अभ्यासक हा फरक गणितानं भरून काढायचा प्रयत्न करतात. तो पूर्ण भरला असं म्हणणं धाडसाचं होईल.

म्हणजे देव बाजूला ठेवला तरी चालेल?

हा प्रश्न श्रद्धावानांना बोचतो, पण टाळता येत नाही. १९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मुलांवर लैंगिक अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. शिक्षा पूर्ण, म्हणून सरकारी देखरेख शून्य. शहरात भीती आणि संताप. हॅरी नाय या मेनोनाइट पंथाच्या पाळकानं आपल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, काही जण जमवले आणि त्या माणसाभोवती एक कडं तयार केलं: रोज कुणीतरी त्याच्याशी बोलणार, त्याला मदत करणार आणि त्याच्यावर नजरही ठेवणार. त्यांची दोन सूत्रं होती. यापुढे एकही बळी जाता कामा नये. आणि कोणताही माणूस फेकून देण्याजोगा नाही. यातून 'आधार आणि जबाबदारीची वर्तुळं' ही पद्धत तयार झाली. एका माणसाभोवती चार ते सहा स्वयंसेवक, आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ.

मिनेसोटाच्या तुरुंग खात्यानं ही पद्धत कोणत्याही धर्माचं लेबल न लावता उचलली आणि चिठ्ठी टाकावी तशी माणसं निवडून तिची परीक्षा घेतली: पन्नास जणांना वर्तुळ, पन्नास जणांना नाही. २०१८ मध्ये आलेल्या निकालात लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. माणसं थोडी आहेत, म्हणून या आकड्यावर फार नाचू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. धर्माचं नाव काढलं तरी सोबत काम करते.

मग ख्रिस्ती असण्याचा फायदा काय? मला वाटतं तो दोन ठिकाणी आहे. पहिला, सोबत्याच्या बाजूला. तिसऱ्यांदा वेळ देऊन माणूस आला नाही, फोन बंद, पावसात बाकावर ताटकळून परत यायचं, आणि तरी चौथ्यांदा जायचं. यासाठी कुठून तरी बळ लागतं. श्रद्धा ते बळ अनेकांना देते. दुसरा फायदा सुटलेल्याच्या बाजूला, पण फक्त ज्याला पटतं त्याला. लिव्हरपूलमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुन्हेगारी सोडलेले लोक स्वतःची कहाणी वेगळ्या तऱ्हेनं सांगताना आढळले: मुळात मी बरा होतो, परिस्थितीत वाहवलो, कुणीतरी विश्वास टाकला, आता मला काही परत द्यायचंय. पश्चात्ताप, क्षमा, नवी सुरुवात ही ख्रिस्ती भाषा अशी कहाणी रचायला तयार साचा देते. साचा दुसराही असू शकतो. हा जुना आहे आणि हाताशी आहे, इतकंच.

हे धर्मांतराचं आडवळण नाही का?

होऊ शकतं. भुकेल्यापुढे ताट धरून आधी प्रार्थना म्हण असं सांगण्यात जबरदस्तीच असते, ती कितीही गोड बोलून केली तरी. सुटलेल्या माणसाची स्थिती तर याहून नाजूक. ज्याच्या हातात खोलीची किल्ली आहे त्याला नाही म्हणायची त्याची छाती होत नाही.

याचा निकाल एकदा कोर्टानं दिलाय. आयोवा राज्यातल्या तुरुंगात इनरचेंजचा कार्यक्रम सरकारी पैसा घेऊन चालत होता. २००६ मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला आणि २००७ मध्ये अपील न्यायालयानंही ते मूळ मत कायम ठेवलं. सरकारच्या पैशानं आणि तुरुंगाच्या भिंतींआड एका धर्माला असं झुकतं माप देता येणार नाही, हा त्याचा अर्थ. चर्चच्या लोकांनी स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या वेळेत सोबत करण्यावर त्यामुळे बंदी आली नाही.

सरळ कसोटी अशी: माणूस प्रार्थनेला येणं थांबला, तर पुढच्या मंगळवारी सोबती येतो की नाही? येत असेल तर ती सोबत. येत नसेल तर तो सौदा होता.

तो नाटक करत असेल तर?

करत असेलही. पॅरोल मंडळापुढे भक्त व्हायचं आणि फाटकाबाहेर पडताच बायबल तिथेच सोडायचं, हा प्रकार तुरुंगात जुनाच आहे आणि कैदीच त्यावर आपसांत हसतात. अनुभवी सोबती म्हणून भाषणांना भुलत नाही. तो बारीक गोष्टी बघतो: वेळेवर आला का, मागच्या आठवड्यात काय सांगितलं आणि आज काय सांगतोय, नवा शर्ट कुठून आला. प्रेम करायचं म्हणजे डोळे मिटायचे असं कुठल्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा, असं मात्र लिहिलंय.

मंडळीच्या पातळीवर हे आणखी गंभीर होतं. मुलांविरुद्ध गुन्हा केलेला माणूस उपासनेला येणार असेल, तर जाणत्या मंडळ्या त्याच्याशी लेखी करार करतात: कुठे बसायचं, कुणासोबत यायचं, मुलांच्या वर्गाकडे फिरकायचंच नाही. 'आम्ही क्षमा केली' म्हणून हा करार टाळणं म्हणजे आपल्या उदारपणाची किंमत दुसऱ्याच्या लेकरांकडून वसूल करणं आहे.

आणि ज्यांचं वाटोळं झालं, त्यांचं काय?

सगळ्यांत रास्त आक्षेप हाच आहे. गुन्हेगाराला सोबती मिळतो, वर्षभर कुणी त्याचं ऐकून घेतं. ज्याच्या घरात मृत्यू झाला त्याचं कोण ऐकतं? अनेक ठिकाणी कुणीच नाही, आणि हे ख्रिस्ती संस्थांच्याही बाबतीत खरं आहे. सुटलेल्या माणसाच्या परिवर्तनाची साक्ष मंचावरून ऐकायला छान वाटते. खालच्या बाकावरच्या एखाद्या बाईला त्याच तऱ्हेच्या माणसानं उद्ध्वस्त केलेलं असू शकतं, हे मंचावरच्यांना आठवत नाही.

सोबत्यानं इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. 'देवानं तुला माफ केलं' हे वाक्य नुकसान झालेल्याच्या वतीनं बोलायचा हक्क त्याला नाही. पीडिताकडे जाऊन माफी मागायला ढकलणं तर त्याहून वाईट, कारण त्यात समोरच्यावर क्षमा करायचं ओझं पडतं. दुसरी, भरपाईची भाषा सोडायची नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर नुसता रडत नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणतो. आकडा सांगतो. सोबत्यानं अशा आकड्यांची आठवण करून द्यावी: कोर्टानं ठरवलेली भरपाई, थकलेली पोटगी, महिन्याला जमेल तेवढी.

बाकी हिशेब करायचा तर, सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करतो तेव्हा नवा पीडित तयार होतो. हॅमिल्टनच्या त्या मंडळीनं पहिलं सूत्र बळींबद्दल ठेवलं, ते उगाच नाही.

सोबत फसते कुठे?

बहुधा सोबत्यापाशीच. नव्याचे नऊ दिवस संपतात. चर्चमध्ये आवाहन झालं, डोळ्यांत पाणी आलं, नाव दिलं. दोन महिन्यांत ऑफिसचं काम वाढतं आणि मंगळवार चुकू लागतो. लहान मुलांच्या सोबतीवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत सुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास आधीपेक्षाही खालावलेला आढळला. मोठ्यांचं वेगळं काय असणार? सगळ्यांनी सोडलेल्या माणसाला आणखी एकानं सोडलं. वर्षभर जमणार नसेल तर नाव देऊच नये, हे आवाहन करणाऱ्यानंच आधी सांगायला हवं. अश्रू पुसून झाल्यावर, लोकांनी कॅलेंडर उघडल्यावर.

दुसरी चूक उद्धारकर्ता होण्याची. खोली मीच शोधणार, मालकाशी मीच बोलणार, फॉर्म मीच भरणार. ते दार आठवतं? सोबत्यानं पुढे होऊन उघडून दिलं, तर तो पुन्हा पहारेकरीच झाला. शेजारी उभं राहायचं आणि त्याचा हात मुठीकडे जाईपर्यंत थांबायचं. यात वेळ जातो आणि मागचे लोक चिडतात.

ब्राझीलमध्ये १९७२ साली मारियो ओत्तोबोनी या कॅथलिक वकिलानं सुरू केलेल्या एपॅक तुरुंगांत हे तत्त्व टोकाला नेलंय. तिथे शस्त्रधारी पहारा नसतो आणि किल्ल्या कैद्यांकडेच असतात. स्वयंसेवक जोडपी कैद्यांना दत्तक आई-बापासारखी सोबत देतात. हे सगळीकडे जमेल असं नाही. पण माणसाच्या हातात किल्ली दिल्यावर तो तिचं काय करतो, हे तिथे आत असतानाच कळतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत सुटलेला माणूस दिवसातून पाच-पाच फोन करतो. बस कुठून सुटते, हा कागद कशाचा, इथे सही करू का. मग तीन होतात, मग एक. आठव्या-नवव्या महिन्यात कधीतरी सोबतीच फोन लावतो आणि तो उचलला जात नाही. पुन्हा लावतो. रिंग जाते, उत्तर नाही. पोटात गोळा येतो, नको ते सगळं डोळ्यांसमोर येतं. संध्याकाळी साडेसहाला मेसेज येतो: 'कामावर होतो, फोन लॉकरमध्ये होता. बोला, काय म्हणताय?'